उंटीण

कारखान्यात आमच्या ताईला सगळ्या जणी उंटीण म्हणायच्या. तिला राग येणं सोडाच, ती मान ताठ करून मिरवायची. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात आम्ही दोघी बहिणी इस्त्रीला. ती वीस वर्षं, मी तिच्या मागोमाग चौदा. वाफेच्या इस्त्र्यांनी तिथं सकाळी नऊलाच अंग घामानं निथळायला लागतं.

बत्तीस बायकांना संडासला जायचा बिल्ला एकच. पत्र्याचा, मुकादमाच्या टेबलामागं खिळ्याला टांगलेला. बिल्ला जागेवर असेल तर जायचं, नसेल तर कळ काढायची. यायला जरा उशीर झाला की तो मेला सगळ्यांदेखत विचारणार, "काय, आत झोप लागली होती का?" त्याच्या तोंडी कोण लागणार? त्यापेक्षा पाणीच न पिणं सोपं.

हे शास्त्र ताईचं. नवी बाई आली की ताई तिला इस्त्रीच्या आधी हे शिकवायची. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बाकीचं घरी गेल्यावर. घसा सुकला तर तोंडात शर्टाचं बटण धरायचं, लाळ सुटते. कंबर दुखली की ताईच्या डब्यातली लाल गोळी, रोज एक, कधी दोन. मलाही पहिल्या दिवशी बटण तिनंच दिलं, निळं, चार भोकांचं. अजून तेच वापरते मी.

गेल्या वर्षी ताईचे पाय सुजायला लागले. उभ्याचं काम, सुजणारच, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. मग एक दिवस ती इस्त्रीच्या टेबलावरच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात.

"दिवसभरात पाणी किती पिता?" त्यांनी विचारलं.

"कामावर जवळजवळ नाहीच," ताई म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात तोरा होता.

बाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, ताईनं पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी एकेक समजावलं: उष्णता, तहान, दाबून धरलेली लघवी, वरून त्या गोळ्या. ज्याला आम्ही हुशारी म्हणत होतो, त्यानंच हिला खाल्लं होतं.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, नाहीतर नात्यातल्या कुणाची तरी किडनी. नात्यात मी एकटीच. ताई दोन दिवस नाही नाही म्हणत राहिली. शेवटी मी चिडले. "लहानपणी माझ्या ताटातलं उचलून खाताना कधी विचारलं होतंस? आता कसले नखरे करतेस?" तेव्हा कुठं ती हसली आणि हो म्हणाली.

माझ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही पण तिथंच कामाला?"

"चौदा वर्षं."

"तुमची किडनी घेता येणार नाही. तुमच्याच निम्म्यावर आल्यात."

मला साधा ताप म्हणून कधी आला नव्हता. हिला द्यायला म्हणून आले होते आणि माझीच झोळी रिकामी निघाली. शेजारी ताई बसली होती.

"बटण मीच दिलं हिला," ती म्हणाली. बाईंना काही कळलं नाही. ताईनं तेच वाक्य परत म्हटलं आणि तोंडाला पदर लावला.

मला ताकीद मिळाली: तीन लिटर पाणी, गोळ्या बंद, ते काम सोडा. काम सोडून खायचं काय, हे त्यांच्या कागदावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले, तेव्हा ताईनं स्वतः दोन बाटल्या भरून पिशवीत घातल्या. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून तिला आता दिवसाला मोजून एक तांब्या पाणी. त्यातलं ती चमच्यानं पिते.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तशी तिनं पिशवी ओढून घेतली. दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या.

"बिल्ला जागेवर नव्हताच गं," मी म्हणाले. "उद्या पिते."

ती जवळ आली आणि माझी हनुवटी धरली.

"आ कर," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिनं बोट घालून जिभेखालचं निळं बटण बाहेर काढलं. सकाळी ते कधी तोंडात टाकलं, माझं मलाच आठवत नव्हतं.