अमीनाचं जीर्ण कुराण

माझ्या बायकोच्या, अमीनाच्या कुराणाची पानं सुटायला लागली होती. ती वारल्यावर मी ती पानं खळीनं चिकटवली. मला अरबी येत नाही, त्यामुळे दोन पानं उलटी बसली. आमच्या मशिदीतल्या हाफिजसाहेबांना अख्खं कुराण पाठ आहे. त्यांना दाखवलं तर हसले. "चाचा, एवढे नामी शिंपी तुम्ही, आणि बाही उलटी लावलीत!"

मग त्यांनी डोळे मिटून तीच दोन पानं सुरात म्हटली. म्हणाले, "या शब्दांची राखण अल्लाहनं स्वतःकडे घेतलीय. कागद जाईल, अक्षर जाणार नाही. जीर्ण कुराण टाकून देत नाहीत, हे आता कापडात गुंडाळून दफन करू."

मला रागच आला. शब्दांना राखणदार आहे, कबूल. पण ओळीखालून चाळीस वर्षं तिचं बोट फिरून कागद पिवळा पडलाय, त्याला कोण राखणार? मला अडाण्याला तेवढंच वाचता येतं.

परत घरी आणलं. खळ सुटून रोज एखादं पान गळायचं आणि माझा जीव धसकायचा, पायाखाली आलं तर? ती असती तर ओरडली असती, "बघत काय बसलात? उचला आधी!"

शुक्रवारी नमाजानंतर तिच्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळून नेलं. कब्रस्तानाच्या कडेला हाफिजसाहेबांनी खड्डा खणला. मी म्हटलं, "माती मी टाकतो."

तिच्या वेळी माझा हात उठला नव्हता.