दर्याकडला

आमच्या नागावच्या किनाऱ्यावर हुतूतूत डावा-उजवा नव्हताच. एका कोपऱ्यात उभा राही तो दर्याकडला, दुसऱ्यात माडाकडला. ही नावं कुणी बसून पाडलेली नव्हती. पाण्याच्या अंगाची वाळू ओली, घट्ट; तिथं पाय रोवता येतो. म्हणून घोटा धरणारा भक्कम गडी तिकडे. माडांकडची वाळू भुसभुशीत, तिथं हलका, चपळ गडी. अर्ध्या खेळानंतर बाजू बदलल्या तरी दर्या थोडाच जागा बदलतो? भक्कम गडी पुन्हा पाण्याकडेच जाई. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत दर्याकडला मी आणि माडाकडला माझा चुलतभाऊ.

जिल्ह्याच्या संघात जायचं या एका गोष्टीनं मला तेव्हा पछाडलं होतं. निवड पेणला, शाळेच्या मैदानात. भोवती घरं आणि डोंगर, दर्याचा पत्ता नाही. निवड करणाऱ्या गृहस्थांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं, भावाला उजव्या. पहिल्या डावात मी असे गडी लोळवले की बघे टाळ्या पिटायला लागले. मग बाजू बदलल्या, आणि माझे मेले पाय सवयीनं मैदानाच्या त्याच अंगाला, म्हणजे आता उजव्या कोपऱ्यात गेले. एका कोपऱ्यात आम्ही दोघं भाऊ, दुसरा ओसाड. चढाईवाला तिथून घुसला, मधल्या गड्यांना शिवला आणि आरामात परत गेला.

मी त्या गृहस्थांना ओल्या वाळूचं सांगायला गेलो, तर ऐकून घेतील तर शपथ. ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याला घेऊन काय करू, म्हणाले. भाऊ निवडला गेला. तो मुंबईला गोदीत राहून आलेला, डावं-उजवं तिथं अंगवळणी पडलेलं. वाळूचं त्यालाही ठाऊक होतं, पण तोंडातून ब्र काढला नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी आम्ही परत किनाऱ्यावर खेळलो. चढाई आली तसा भाऊ ओरडला, ‘डावीकडे धरा!’ एकही गडी हलला नाही. त्यानं खेळ थांबवला आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

‘तुझा डावा हात कंचा, दाखव.’

पोरं हसली. माझं तोंड रेवदंड्याकडे होतं, म्हणजे दर्या उजव्या अंगाला. डावा हात कुठला ते मला चांगलं कळत होतं. मी दर्याकडला वर केला.