तुला गं कशाला पासपोर्ट?

"तुला गं कशाला पासपोर्ट?" हवालदार म्हणाला. "तिकडं जाऊन भांडीच घासणार ना? मग इथं काय भांडी कमी आहेत?"

चौकीतले सगळे हसले. मी भिंतीला टेकून उभी. सकाळची शिफ्ट संपवून थेट आले होते. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म. चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाईनवर आहे.

समोरच्या केबिनचं दार उघडं होतं. आत आमच्या मालकाचा मुलगा बसलेला. त्याचं एक कार्ड हरवलं होतं, त्याची तक्रार द्यायला आला होता. तो जन्मला चिंचवडात. शिकायला बाहेर गेला आणि तिकडचाच नागरिक झाला. पासपोर्ट तिकडचा. शिवाय इथं कधीही यावं, हवं तितकं राहावं म्हणून आपल्या सरकारनं दिलेलं जन्मभराचं कार्ड, तेच हरवलेलं. कंपनीत बाया म्हणायच्या, साहेबाला दोन देश आहेत. दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्यात नाही, असं मला पुढं वकिलानं सांगितलं. नसेल. मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

त्याला चहा आला. इन्स्पेक्टर त्याला विचारत होते, तिकडं बर्फ किती पडतो.

इकडं हवालदारानं माझं आडनाव वाचलं. गाव विचारलं. परभणीकडचं, मी सांगितलं. मग म्हणाला, गावात घर कुठल्या अंगाला? पासपोर्टला हे लागत नाही. तरी मी सांगितलं. त्याला जे कळायचं ते कळलं. मी हात पुढं केला तरी त्यानं कागद हातात दिले नाहीत. टेबलावर टाकले.

मालकाचा मुलगा निघाला. मला बघून थांबला. हवालदाराला म्हणाला, "ही आमच्या गेटवर घोषणा देणारी. बघा हं, तिकडं जाऊन युनियन काढेल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गंमत होती. तीच जास्त लागली. मी खाली मान घालून कागद गोळा केले. हो, मान घातली. गरज माझी होती.

मला अक्काकडं जायचं होतं. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. नवऱ्यानं टाकलं तशी ती आखातात गेली, एका घरी म्हातारीची सेवा करायला. तिथं तिच्या किडन्या गेल्या. दवाखान्यातली एक मल्याळी नर्स मला फोन लावून द्यायची. अक्काचा आवाज पार बसलेला. एकच बोलायची, "तू ये. मला इथं एकटीनं मरायचं न्हाई."

अडचण एकच होती. कंपनीनं कंत्राटी बायांना एका फटक्यात काढलं तेव्हा आम्ही कायम असलेल्याही काही जणी त्यांच्याबरोबर गेटसमोर बसलो होतो. जमावबंदी मोडली म्हणून गुन्हा दाखल झाला. तारखा पडत होत्या. पासपोर्टचा अर्ज केला आणि तो गुन्हा वर आला. वकील म्हणाला, कोर्टाची परवानगी मागू, पण वेळ लागेल. वेळच तर नव्हता.

मग भोसरीत माझ्या गल्लीत साध्या कपड्यातला पोलीस यायला लागला. किराणावाल्याला विचारायचा, ही कुणाकुणाशी बोलते. शेजारणीला विचारलं, हिच्या खोलीवर पुरुष येतात का. एकदा माझा मोबाइल मागितला आणि दारात उभं राहून अक्काचे सगळे मेसेज मोठ्यानं वाचले. गल्ली ऐकत होती.

घरमालक तात्या इथल्या जुन्या गावातले. शेत एमआयडीसीत गेलं, त्यांनी खोल्या बांधल्या. माणूस वाईट नव्हता. ते आले आणि दुसरीकडंच बघत म्हणाले, "पोरी, पोलीस दारात येत्यात. आमाला न्हाई जमायचं. खोली बघ दुसरी."

त्याच आठवड्यात इन्स्पेक्टरांनी बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं. आवाज मऊ. म्हणाले, बहीण आजारी आहे ना, मी पण माणूस आहे, तुझा रिपोर्ट चांगला पाठवतो, कोर्टाचंही बघतो. फक्त तुझ्या खोलीवर ज्या बाया जमतात त्यांची नावं दे. गेटवर परत बसायचं कोण बोलतंय, तेवढं सांग.

नावं माझ्या ओठांवर होती. मंगल होती, जिच्या पोराला मी माझ्या डब्यातलं भरवलं होतं. वैशाली होती. जरीना होती. काढलेल्यांतल्या. त्यांच्या घरी आता हाच साध्या कपड्यातला माणूस जाणार. त्यांच्या शेजारणींना हेच विचारणार.

अक्काचा आवाज कानात होता. खोटं कशाला बोलू, मी तोंड उघडलं होतं.

इन्स्पेक्टरांनी पेन उचललं. ते बघितलं आणि मी उठले.

"नावं माझ्याकडनं मिळणार नाहीत," मी म्हणाले. "आणि मला अगं-तुगं करू नका."

बाहेरचा हवालदार वळून बघायला लागला. इन्स्पेक्टर हळूच म्हणाले, "मग बहिणीला विसरा."

विसरा म्हणाले. तेवढा फरक पडला होता.

अक्का गेली. नर्सनं फोन केला तेव्हा मी लाईनवर होते. फोन लॉकरमध्ये. सुट्टी झाल्यावर कळलं. शेवटी काय म्हणाली, मी विचारलं. नर्स कागदपत्रांचं सांगायला लागली. अक्का पेटीतून आली. मुंबईच्या विमानतळावर, माल उतरवतात त्या शेडमध्ये, मी सही करून तिला ताब्यात घेतलं.

नात्यातले म्हणतात, नावं दिली असतीस तर भेट झाली असती. झाली असती. मी नाही म्हणत नाही. हे ओझं माझं आहे, ते कुणी हलकं करू नये. मंगलला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. काढलेल्या बाया अजून बाहेरच आहेत. खटला चालूच आहे. मालकाचा मुलगा दिवाळीला येऊन गेला.

मी दिघीत खोली घेतली आणि पासपोर्टचा अर्ज पुन्हा केला. पुन्हा चौकशी आली. हवालदार दुसरा, प्रश्न तेच. कागद चाळून म्हणाला, "बहीण तर वारली. आता कुठं जायचंय?"

कुठंच जायचं नाही. बाहेरच्या देशात माझं आता कुणी नाही. पासपोर्ट मिळेल असंही वाटत नाही.

"ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही," मी म्हणाले. "नाही म्हणायचं तर कारण लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं नाही. मी तिसरा अर्ज करणार आहे.