लेबलावरचे प्रकाशभाऊ

प्रकाशभाऊ गेल्याचा फोन देवपूरहून आला, तेव्हा जळगावच्या माझ्या दुकानात त्यांच्याच काढ्याची खोकी उतरत होती. प्रत्येक खोक्यावर भाऊंचा हसरा फोटो, हातात पितळी पळी, मागे पेटलेली भट्टी. हमाल विचारतोय, "शेठ, हे कुठं ठेवू?" मी म्हटलं, "राहू दे तिथंच." महिना होऊन गेला. दुःख थोडं निवलं, संताप काही निवत नाही.

आधीच सांगतो, मी इंग्रजी औषधांचा ठोक व्यापारी. काढ्यानं सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांतला नाही. भाऊंशी माझे वाद व्हायचे. "भाऊ, कंपन्यांचा माल रोज येतो, तुमचा महिन्यातून एकदा. असा धंदा करतात का?" ते नुसते हसायचे. त्यांची रीतच तशी. कढई उतरली की पहिली पळी स्वतः प्यायची, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं आणि मन मानलं तरच बाटल्या भरायच्या. नाही मानलं तर आख्खी कढई मोरीत! "आधी माझ्या घशाखाली, मग गिऱ्हाइकाच्या," म्हणायचे.

मग गुडघे गेले, मुलं परदेशात रमली. भाऊंनी कारखाना एका मोठ्या औषध कंपनीला विकला, नाव आणि फोटोसकट. कंपनीच्या गोडबोल्या पोरांनी भट्टी पाडली. तयार अर्क, साखरेचा पाक, सकाळी सुरू केलं की संध्याकाळी ट्रक भरलेला. बरं, यंत्रं आणा, प्रयोगशाळा आणा, पहिली टाळी मी वाजवीन. पण पाडलेल्या भट्टीचा फोटो छापून वर 'पारंपरिक भट्टीवर आटवलेला' लिहायचं? आणि याला म्हणे कार्यक्षमता! अहो, आमच्याकडे याला सरळ लबाडी म्हणतात.

दोंडाईच्याची एक अक्का, जुनं गिऱ्हाईक, बाटली घेऊन थेट घरी आली. "भाऊ, फोटो तुमना शे, काढा तुमना नही शे." भाऊंनी पळीत ओतून चाखला आणि थुंकून टाकला. लगेच कंपनीत फोन लावला, "माल तुमचा, करा कसाही. माझा फोटो तेवढा हटवा." पलीकडचा साहेब म्हणाला, "सर, खप तर चेहऱ्यावरच आहे. करारातच आहे ना ते."

शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाले, "तू त्यांचा मोठा विक्रेता. तू तरी सांग. मी मेल्यावरही त्या बाटलीवर हसतच राहायचं का रे?" मी सांगितलं. भांडलो. कोणी ढिम्म हललं नाही.

आणि निर्लज्जपणा बघा... उठावण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, बैठकीला कंपनीनं हार घातलेली मोठी तसबीर पाठवली. फोटो तोच, लेबलावरचा! सोबत आलेल्या साहेबानं ती स्वतः खुर्चीवर मांडली. भाभी, भाऊंच्या पत्नी, चारचौघांत कधी आवाज न चढवणाऱ्या, उठून उभ्या राहिल्या.

"हा उचला. हा यांचा राहिला नाही."

भाभी आत गेल्या, पळी घेऊन आल्या, पदरानं पुसून खुर्चीवर ठेवली. तसबिरीचा हार उतरवून पळीला घातला. साहेब तसबीर बगलेत मारून निघून गेला.

मी ती खोकी परत पाठवली. आता त्यांचा माल ठेवत नाही. काल देवपूरला गेलो होतो. पळी अजून त्याच खुर्चीवर आहे. दांडा काळा पडलाय... भाऊ धरायचे तेवढीच जागा लख्ख आहे.