सुभद्रेनं बाजूला सारलेला लोटा

हिरवी उलटी झाली, पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि सुभद्रा भिंतीला टेकून बसली. सुनेनं घाईनं कणकेचा दिवा आणि पितळी लोटा आणला. बेंबी सरकली की पोटावर पेटता दिवा ठेवून वर लोटा पालथा घालतात. लोटा पोटाला धरून बसतो आणि बेंबी जागेवर येते, असं आमच्याकडे मानतात. तेलंगणातल्या आमच्या बोथच्या आसपास हे काम सुभद्राच करायची. तिनंच तो लोटा हातानं बाजूला सारला.

"माह्यावरच चालवता का? हे बेंबीचं नाई. गाडी सांगा."

सुभद्रा माझी धाकटी जाऊ. कापूस वेचताना ती माझ्या पुढे असायची, आणि तिचं तोंड तिच्याही पुढे. कोणी पोट धरून आलं की आधी विचारायची, "दगडं खाल्ले काय रे?" मग बोटांनी चाचपायची. पोट कडक लागलं, अंगात ताप असला, तर लोट्याला हातही लावत नसे. दवाखान्यात पाठवायची. लोक रुसायचे, तिला फरक पडत नसे.

हैदराबादला डॉक्टरांनी लहान आतड्याचा कॅन्सर सांगितला. तो क्वचित कुणाला होतो, पण झाला की लवकर कळत नाही. ते तिच्या मुलाला दाराबाहेर तेलुगूत सांगत होते. बोथच्या बाजारात जन्म गेलेली ही बाई आतून ओरडली, "मलेही समजते, आत येऊन बोला!" ऑपरेशन झालं, पण तोवर तो लिव्हरपर्यंत गेला होता.

घरी आणलं तेव्हा ती पेजेवर होती. त्याच दिवसांत माझं पोट दुखू लागलं. घरात एवढं दुखणं असताना आपलं काय सांगायचं, म्हणून मी गप्प होते. तिनं माझं चालणं पाहिलं.

"बाई, अशा वाकून काऊन चालता? इकडे या, निजा."

"तू निज आधी."

"मी निजूनच आहो. या."

हात नुसता हाडांचा उरला होता. बोटं जांघेपाशी थांबली... मी म्हटलं, लोटा लावून पाहतेस का?

"गाठ आहे इथं. लोट्यानं काय होते? आदिलाबादले जा, आत्ताच."

आणि मुलाला हाक मारून गाडी सांगितली. माझं आतडं जांघेत अडकलं होतं. डॉक्टरांनी कापून सोडवलं. मी टाके घेऊन परत आले तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. तिनं डोळे उघडून आधी माझ्या पोटाकडे पाहिलं.

लोटा तिच्या खोलीत कोनाड्यात पालथा आहे. सून तो घासून परत तिथंच ठेवते.

दुखणं दोघींच्याही आतड्याचं होतं. ती गेली. मी वाचले.