लिंबाखालचा पारा

पाराप्पांना कशाचीही किळस यायची. साखर जास्त पडलेला चहा, छताला घरघरणारा पंखा, परीटघडीचा सदरा, आणि सगळ्यात जास्त, "यंदा ऊन लई हो" म्हणणारा माणूस. असा कुणी भेटला की ते जिभेवर कडू गोळी विरघळल्यासारखं तोंड करायचे आणि म्हणायचे, "छ्या. ह्याला दर साली नवा सूर्य लागतोय."

लातूर जिल्हा नवा होता तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कचेरीचं नाव सांगत नाही. माणसं गेली तरी खुर्च्या तिथंच असतात. अप्पा उदगीरकडचे लिंगायत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, कानावर पेन्सिल. तापमापकातला पारा बघून वहीत आकडा लिहिणं हे त्यांचं काम, म्हणून ते माघारी पाराप्पा आणि तोंडावर नुसते अप्पा. मी तिथं तात्पुरती कारकून. बावीस वर्षांची, हदगावची, बी.ए. झालेली, टायपिंगचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत जपणारी. आज माझी नात त्या वयाची आहे. तिच्याकडं बघितलं की कळतं, माणूस तेव्हा काय नमुना असतो. मी दुष्काळात उंच टाचांच्या चपला घालून गेले होते.

आणि दुष्काळ तरी कसला. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास, तळाला बोटभर गाळ, एकदा तर घागरीत मेलेली पाल निघाली. त्याच पाण्याचा चहा आमचे साहेब लोक कपबशीतून प्यायचे आणि नव्या जिल्ह्याला शोभतील अशा कमानींवर बोलायचे. मला अजून मळमळतं. पालीमुळं नाही.

दर पंधरा दिवसांनी कचेरीतून 'उन्हाळ्याचा अंदाज' नावाचा कागद निघायचा. मागचे आकडे अप्पांच्या वहीतले, पुढचा अंदाजही त्यांचाच, टायपिंग माझं. हा कागद सगळ्या दुष्काळी कामांवर जायचा. पारा ठरलेल्या आकड्याच्या वर राहणार असं त्यात असलं, की खडी फोडणाऱ्या, मुरूम वाहणाऱ्या माणसांना बारा ते चार सुट्टी. नसलं की दिवसभर काम. मला हे पाठ होतं. समास सरळ आला की मी खूश असायचे.

अंदाज सांगतानाही अप्पांचं तोंड वाकडंच. रेडिओवर मुंबईचं हवामान लागलं की त्याचा कान पिळून बंद करायचे. "घाम येतोय म्हणून रडायलेत. हितं घामबी वाळतोय." मी एकदा शहाणपणानं विचारलं, पुढचं कसं कळतं हो तुम्हाला? ते म्हणाले, "मागलं खरं लिहिलं असलं तर पुढलं कळतंय. न्हाई तर बोकडाला इचार."

एप्रिलच्या शेवटी अप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले आणि वही माझ्याकडं आली. वहीबरोबर पेटीही. पारा ठेवायची ती पांढरी, फटीफटींच्या फळ्यांची, चार पायांची पेटी कचेरीमागच्या मोकळ्या रानात उभी असायची. तिथवर दोनशे पावलं, झाड नाही, झुडूप नाही. पहिल्याच दुपारी माझ्या चपलेची एक टाच भेगेत अडकून तुटली. दुसऱ्या दिवशी मी शिपायाला हाताशी धरलं आणि पेटी उचलून आवारातल्या लिंबाखाली आणली, पाण्याच्या रांजणाशेजारी. शिपाई म्हणाला, अप्पा रागावतील. मी त्याला समजावलं, काचेचं यंत्र आहे, उन्हात तडकेल. एवढं साधं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. वर पेटीच्या टपावर ओलं गोणपाट टाकलं. पारा बिचारा सुखावला आणि चांगला तीन अंशांनी उतरला.

तो उतरल्याचा मला आनंद झाला, हे लिहिताना आज स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. साहेबांना त्याहून झाला. ज्या जिल्ह्यातून आम्ही फुटून निघालो तिथला आकडा आमच्यापेक्षा वर होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, आपला जिल्हा थंड हवेचा निघाला. पेढे वाटले. मी दोन खाल्ले आणि स्वतःच्या अकलेनं अंदाज टाइप केला: 'उन्हाची तीव्रता ओसरत असून दुपारच्या सुट्टीची आवश्यकता दिसत नाही.' समास अगदी सरळ होता.

बाराव्या दिवशी अप्पा आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. उरलेल्या डोळ्यानं त्यांनी रान बघितलं, मग लिंब बघितला, रांजण बघितला. छ्या म्हणाले नाहीत.

"कागद गेला?"

"गेला."

ते फाटकाकडं चालू लागले. कामावर निघालेला टँकर थांबवला, मला पुढं बसवलं आणि पेटीतला पारा काढून मांडीवर धरून स्वतः बसले.

चाकूरच्या अलीकडं रस्त्याला लागून पाझर तलावाचं काम चालू होतं. दुपारचे दोन. भरावावर बायांची रांग मुरमाची टोपली घेऊन चढत होती, सावकाश, बैलासारखी मान खाली घालून. खाली ताडपत्रीच्या आडोशाला माझ्याच वयाची एक पोटुशी बाई पडली होती. ओठ फुटलेले, पातळावर ओकारी वाळलेली. मी पदर नाकाला लावला, आणि तो लावलेला अप्पांनी बघितला. बाईच्या डोक्यावर ओलं फडकं धरून बसलेल्या म्हातारीनं मला वरपासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"कागदावर थंडी पडलीय म्हनं, बाई," ती म्हणाली. "आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

अप्पांनी पारा तिथल्या सावलीत धरला, थांबले, आकडा माझ्यासमोर धरला. मी वाचला. मग ते मुकादमाशी बोलले, पडलेल्या बाईला टँकरवाल्याबरोबर दवाखान्यात पाठवलं. ती वाचली. पोरही वाचलं, असं पुढं कळलं.

आम्ही एका ट्रकमधून परत आलो. अप्पांनी वही उघडून माझ्यासमोर सरकवली. 'शेरा' या रकान्यात मी घाईघाईनं लिहिलं, पेटी जागेवरून हलल्यामुळे आकड्यांत फरक पडला.

"पेटीला पाय हायत?"

"चार आहेत," मी म्हणाले. जीभ तेव्हाही अशीच होती.

ते हसले नाहीत. मी रडायला लागले. म्हटलं, अप्पा, माझी नोकरी जाईल. घरी दोन भाऊ शिकतात. खरं तर भाऊ उनाडक्या करत होते, पण रडताना माणूस हिशेबानं बोलत नाही.

"जाईल," ते म्हणाले. "पन ह्यो कागद तसाच ऱ्हायला तर उद्या दोन वाजता त्या बाया पुन्हा चढतील. लिही, यव्वा. तुझ्या हातानं लिही."

मी लिहिलं: पेटी मी हलवली. तेव्हापासूनचे सगळे आकडे खोटे आहेत. खाली सही केली. तोच मजकूर टाइप करून साहेबांसमोर ठेवला. थंड हवेचा जिल्हा एका ओळीत गेला म्हणून साहेब पुष्कळ बोलले, पण सही असलेला कागद त्यांना गिळता येईना. नवा अंदाज निघाला. आणि महिनाअखेरीला माझी मुदत वाढली नाही.

नांदेडच्या गाडीला सोडायला अप्पा स्टँडवर आले. ती आमची शेवटची भेट. माझी ट्रंक टपावर चढवायला लावली, आणि भर दुपारची गाडी निवडल्याबद्दल चार शब्द सुनावले. मी उजवीकडं सावलीची जागा धरली, तर खिडकीशी येऊन म्हणाले, "डावीकडं बस."

"तिकडं ऊन येतं, अप्पा."

"येऊ दे."

साऱ्या जिल्ह्याचं ऊन मोजणारा माणूस मला मुद्दाम उन्हात बसवत होता. वाटलं, अजून राग गेला नाही. निमूट उठून डावीकडं बसले. खिडकीचा पत्रा तव्यासारखा तापलेला. गाडी सुटली तेव्हा अप्पा वळून चालायलाही लागले होते.

चाकूरच्या अलीकडं डाव्या हाताला तो तलाव आला. दीडचा सुमार होता. भरावावर एक माणूस नव्हतं. टोपली पालथी घातलेली, कुदळी एकीवर एक रचलेल्या. ताडपत्रीच्या आणि बाभळीच्या सावलीत बाया तोंडावर पदर ओढून ओळीनं झोपल्या होत्या. एकीनं झोपेतच कूस बदलली.