सर बोटीवर परत गेले

सव्वाअकरा वाजले होते आणि बसमध्ये सत्तावीसच्या जागी सव्वीसच माणसं होती. मी पुन्हा मोजली. सव्वीसच.

मी सोलापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. टूर मॅनेजर म्हणजे ग्रुपबरोबर जाणारा कंपनीचा माणूस. तिकिटं, जेवण, खोल्या, रुसवेफुगवे सगळं बघायचं आणि दर थांब्याला माणसं मोजायची. त्या दिवशी आमची क्रूझ, म्हणजे बोटीची सहल, सकाळीच कोचीला संपली होती. मुंबईहून निघून पाच दिवस बोटीवर काढलेली माणसं सामानासकट खाली उतरवली होती. संध्याकाळी पुण्याचं विमान होतं. मधल्या वेळात फोर्ट कोचीचा किनारा, मासेमारीची मोठी जाळी, जुनं चर्च, राजवाडा आणि जेवण. शेवटचा दिवस असा हलका ठेवतात, कारण माणसं थकलेली असतात. मीही थकले होते.

न आलेले होते नातेपुत्याचे देशमुख सर. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, बसच्या पायरीशी उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला.

"मी बाथरूमला गेले गं. त्यांना नारळपाणीवाल्यापाशी उभं केलं होतं. पाच मिनिटं फक्त."

"फोन लावला का?"

"फोन माझ्याच पर्समध्ये आहे."

मी ड्रायव्हरला बस हलवू नको म्हणाले आणि किनाऱ्यावर शोधत निघाले. नारळपाणीवाल्याला फोटो दाखवला. त्यानं मान हलवली, रस्त्याकडे हात केला. चर्चमध्ये नाहीत. जाळ्यांपाशी नाहीत. वीस मिनिटांनी मी बॉसना, अजित सरांना, सोलापूरला फोन लावला.

"आजोबा कुठंतरी चहा पीत बसले असतील," ते म्हणाले. "ग्रुपला राजवाड्याला पाठव. तू थांब. अर्ध्या तासात नाही सापडले तर पोलिसात जा. आणि वैशाली, फ्लाइट चुकता कामा नये."

फोन ठेवून वळले तर काकू मागंच उभ्या होत्या.

"ते चहा पीत नसतील," त्या म्हणाल्या. "त्यांना आठवत नाही गं आता. दीड वर्ष झालं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत."

बोटीवर या दोघांची आम्ही थट्टा करायचो. काकू सरांचा हात सोडायच्याच नाहीत, म्हणून सगळे त्यांना नवं जोडपं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सर सहाव्या मजल्यावर भलत्याच केबिनच्या दाराला किल्लीचं कार्ड लावताना मला दिसले होते. त्यांची केबिन सातव्या मजल्यावर होती. "सगळी दारं सारखीच की हो," म्हणून ते हसले आणि मीही हसून त्यांना वर सोडून आले. बोटीवर माणूस हरवला तरी बोटीतच असतो. त्यामुळं मी पुढं काही विचारलं नाही. ते विचारायचं काम माझं होतं.

पण त्या वेळी हे बोलत बसायला वेळ नव्हता. मी काकूंना विचारलं, "सकाळपासून ते काय म्हणत होते? आठवा बरं."

"काही नाही. खोलीला कुलूप लावलं का, एवढंच. तीन-चारदा विचारलं. मी म्हटलं, लावलं."

"आणि बोटीचं कार्ड?"

"गळ्यातच आहे. काढू देईनात."

क्रूझवर प्रत्येकाला एक कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली आणि तेच ओळखपत्र. शेवटच्या दिवशी ते चालत नाही, लोक आठवण म्हणून घरी नेतात. सरांच्या लेखी मात्र शेवटचा दिवस झालाच नव्हता. पाच दिवस मीच माइकवर सांगत होते, कुठंही फिरा, शेवटी बोटीवर परत यायचं.

सकाळी बंदरात आमचं सामान उतरवून देणाऱ्या एजंटबाईंचा नंबर माझ्याकडं होता. त्यांना फोन केला. त्यांनी गेटवर चौकशी करून पाच मिनिटांत उलटा फोन केला. "एक म्हातारे गृहस्थ आहेत. रिक्षानं आलेत. आत सोडा म्हणतायत."

मी काकूंना टॅक्सीत बसवलं. तेवढ्यात बसमधून माने काका उतरले. कुंभारीचे शेतकरी, बोटीवर सरांच्या टेबलावर जेवायला असायचे. "मी येतो," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

बंदराच्या गेटवर सर पहारेकऱ्याच्या खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी रिक्षावाला उभा होता. गळ्यातलं कार्ड बघून त्यानं त्यांना बरोबर तिथं आणलं होतं आणि कुणाच्या ताब्यात द्यायचं ते कळेना म्हणून थांबला होता. काकूंनी पदरानं सरांचं तोंड पुसलं आणि त्या तिथंच कठड्यावर बसल्या.

सर माझ्यावर चिडले. "किती उशीर! बोट सुटेल. आणि हे आत सोडत नाहीत."

"सर, आपली ट्रिप संपली," मी म्हणाले. "आता घरी जायचंय."

"संपली कशी? सामान खोलीत आहे माझं!" ते उठून गेटकडे निघाले. आवाज चढला. पहारेकरी आडवा आला. पलीकडे बोट उभी होती, पांढरीशुभ्र, आणि सर तिच्याकडे हात करत होते. त्यांचं एक अक्षरही खोटं नव्हतं, फक्त ते कालचं होतं.

माने काका पुढं झाले. "मास्तर, बोट कुटं पळत न्हाय. आदी जेवून घिऊ की. समदी तुमच्यासाटी खोळंबल्यात. तुमी आल्याबिगर कोण बसतंय व्हय पंगतीला?"

सर थांबले. "अजून जेवले नाहीत?"

"न्हाय की."

"मग चला. लोकांना उपाशी ठेवणं बरं नाही."

आणि ते टॅक्सीत जाऊन बसले. रिक्षावाल्याचे आभार मानायला मी वळले, तर त्यानं नुसता हात वर केला आणि निघाला.

राजवाडा राहिला. टॅक्सीत बसताना मी ग्रुपची बस तिकडं पाठवली होती, पण सर सापडल्याशिवाय कुणी बसमधून उतरायला तयार झालं नव्हतं. दोघी जणी मात्र जेवताना कुरकुरल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं, दिवस त्यांचाही होता. विमान मिळालं.

विमानात सरांना झोप लागली, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "रागावलीस ना? बुकिंगच्या फॉर्मवर मी आजार नाही असं लिहिलं."

"लिहायला हवं होतं, काकू."

"लिहिलं असतं तर नेलं असतंस?"

मी खरं सांगितलं. "नाही."

"मला माहीत होतं." "बत्तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी. किनारपट्टीचा नकाशा डोळे मिटून काढायचे फळ्यावर. बोटीत कधी बसले नाहीत. परवा डेकवर उभं राहून मला एकेक बंदर सांगत होते. रत्नागिरी, वेंगुर्ला, पणजी, कारवार. एक चुकलं नाही. पुढच्या वर्षी आणून काय उपयोग झाला असता?"

पण दुपारी सर रस्त्यात कुठं गाडीखाली आले असते, तर काकूंनी हीच गोष्ट मला ऐकवली नसती.

सोलापूरला आल्यावर मी रिपोर्ट लिहिला. केबिनच्या दाराचा प्रसंग, आणि मी तो सोडून दिला हेही लिहिलं. अजित सरांनी वाचून फर्मान काढलं, "साठीच्या पुढं सगळ्यांना फिट सर्टिफिकेट."

"सर्टिफिकेट देशमुख सरांनाही मिळालं असतं," मी म्हणाले. "बीपी, शुगर नॉर्मल. माझ्याहून वेगानं चालतात."

"मग काय करायचं?"

"प्रश्न बदलू. आजार आहे का, असं नको विचारायला. रोजच्या कामात कशासाठी मदत लागते, ते विचारू. आणि निघण्याआधी घरी एक फोन मी करीन."

त्यांना ते फारसं पटलं नाही, पण फॉर्म बदलला. पुढच्याच टूरला तीन घरांनी त्या रकान्यात लिहिलं. एका काकांना ऐकू येत नव्हतं. एका बाईंना रात्री दिशा कळायची नाही. त्या दोघांना आम्ही सोबतीची सोय करून नेलं. तिसऱ्यांना नेणं झेपणारं नव्हतं, त्यांना नाही म्हटलं. त्यांच्या मुलीला तो फोन मीच केला, आणि ती रडली.

आजार विचारला की लोक नाही लिहितात, मदत विचारली की खरं लिहितात, एवढं मी शिकले. आणि खरं लिहिणाऱ्याला नाही म्हणायचं असेल, तर ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं.